वेंडर कोड ब्लॉक करण्याआधी शेडमधला पीसी पाहा : मोठ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
खरेदी विभाग, आयटी विभाग आणि गुणवत्ता विभाग,
वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याच्या लघुउद्योगांकडून माल घेणाऱ्या सर्व मोठ्या कंपन्या
(कृपया तिन्ही विभागांनी एकत्र बसून वाचावे.)

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहींनी पुरवठादारांना पाठवलेले परिपत्रक सध्या व्हॉट्सॲपवर या शेडमधून त्या शेडमध्ये फिरते आहे. मजकूर थोडा इकडेतिकडे, मुद्दा एकच. पुरवठादाराच्या आवारातला प्रत्येक संगणक ४५ दिवसांत विंडोज ११ वर न्या, लेटरहेडवर स्वयंघोषणापत्र द्या, नाहीतर वेंडर कोड (पुरवठादाराचा तुमच्याकडचा नोंदणी क्रमांक) ब्लॉक. सोबत एक एक्सेल जोडली आहे. त्यात संगणकाचा अनुक्रमांक, मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि "होय/नाही" एवढेच रकाने आहेत. "नाही" का, हे लिहायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून ते कारण इथे जाहीर लिहीत आहोत.

आम्ही या शेडमधले संगणक, प्रिंटर आणि नेटवर्क सांभाळणारे तंत्रज्ञ. आमचे घर वार्षिक देखभालीच्या करारांवर चालते. नवा पीसी विकला की आम्हाला चार पैसे जास्तच सुटतात, तेव्हा जुने ते राहू द्या म्हणण्यात आमचा काही फायदा नाही. पण दोन महिने शेड्यूल (तुमची मालाची मागणी) आले नाही तर सहा-आठ कामगारांची शेड बंद पडते आणि तिच्याबरोबर आमचा करारही जातो. शिवाय त्या घोषणापत्रावर सही मालकाची असली तरी "सगळे झाले ना?" हा प्रश्न आम्हालाच विचारला जातो.

आधी तुमचे जे बरोबर आहे ते मान्य करतो. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही संपला. तुमच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) टाकणारा, मेल उघडणारा, बँकेचे पेमेंट करणारा पीसी पॅचशिवाय (सुरक्षा अपडेटशिवाय) चालवणे चूक आहे आणि त्याला सबब नाही. या मशीनसाठी मुदत मागायला आम्ही आलेलो नाही. त्यातली बरीच मशीन आठव्या पिढीच्या इंटेलची किंवा त्यापुढची आहेत. फक्त कोणीतरी घाईत लेगसी मोडमध्ये (सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीत) विंडोज टाकलेले असते, डिस्क एमबीआर (जुन्या विभागणीची) असते आणि बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) बंद असतो. काम सरळ आहे. आधी पूर्ण डिस्कची इमेज घ्यायची, मग विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने आधी नुसती तपासणी, नंतर रूपांतर, आणि त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत), सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर हे साधन नकार देते. रिकव्हरीचे एखादे फालतू पार्टिशन काढले की पुढे सरकते. टॅली असेल तर फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सरेंडर करायचे, नाहीतर नव्या मशीनवर ॲक्टिव्हेट करताना अर्धा दिवस फोनवर जातो. सहाव्या-सातव्या पिढीचा पीसी मात्र बदलावाच लागतो. एसएसडी टाकून तो सुरेख चालत असला तरी प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही म्हणजे नाही.

तक्रार ऑफिसबद्दल नाही. "प्रत्येक संगणक" या दोन शब्दांबद्दल आहे.

शेडमधला पीसी

व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित यंत्राच्या) बाजूला, कूलंटच्या वासात, प्लास्टिकच्या आवरणाखाली जो पीसी असतो त्याचे काम एकच : सीएनसी कंट्रोलला (यंत्र चालवणाऱ्या त्याच्या मेंदूला) प्रोग्रॅम पाठवणे. पाठवण्याचा मार्ग आरएस-२३२, म्हणजे नऊ पिनांची सिरियल पोर्ट. फॅनुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलची मेमरी अजूनही कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगतात. ३२० मीटर म्हणजे साधारण १२८ केबी. डायमोल्डचा प्रोग्रॅम काही एमबींचा असतो, तो मेमरीत मावत नाही. म्हणून तो ड्रिप फीडने, कटिंग चालू असताना ओळीओळीने पाठवावा लागतो. अर्ध्यात पीसी अडला की टूल जॉबवर तसाच फिरत राहतो आणि पृष्ठभागावर खूण पडते. अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होणारी विंडोज या जागी नको असण्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण जास्त नाजूक आहे. नव्या पीसीला सिरियल पोर्ट नसते, म्हणून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावतात. कंट्रोलचा बफर भरला की तो "थांब" असा संकेत पाठवतो. खरी पोर्ट असलेला पीसी नीट सेट केला की लगेच थांबतो. स्वस्तातल्या कन्व्हर्टरच्या पोटात आधीच अक्षरे भरून ठेवलेली असतात, ती तो थांब म्हटल्यावरही ओततच राहतो. दहापेक्षा जास्त अक्षरे आली की फॅनुकवर ०८७ चा अलार्म येतो : बफर ओव्हरफ्लो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पोर्टचा ट्रान्समिट बफर अगदी कमी केला तर काही कन्व्हर्टर सुधारतात. काही सुधारत नाहीत.

अलार्म आला तर उलट नशीब म्हणायचे. मशीन जागेवर थांबते. भीती असते ती अलार्म न येता एखादे अक्षर गळण्याची. या जोडणीत सात बिट आणि सम पॅरिटी ठेवतात. पॅरिटीमुळे बिघडलेले अक्षर पकडले जाते, पण पूर्ण गळालेले अक्षर पकडले जात नाही. "एक्स १००." मधला शेवटचा बिंदू गळाला की नेहमीच्या सेटिंगवर कंट्रोल ते १०० मिलिमीटर न धरता ०.१ मिलिमीटर धरतो. "झेड -५." मधले वजा चिन्ह गळाले तर कटरची दिशाच उलटते. तुमच्या आयटी विभागाच्या एक्सेलमध्ये हा पीसी "होय" झालेला असेल आणि तुमचाच कास्टिंगचा नग भंगारात गेलेला असेल.

त्यात ड्रायव्हरची भानगड. प्रोलिफिकच्या जुन्या चिपचे कन्व्हर्टर नव्या विंडोजवर लावले की डिव्हाइस मॅनेजर "२०१२ पासून बंद" असा शेरा दाखवतो आणि पोर्ट चालू होत नाही. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खोबणीत लावला की कॉम पोर्टचा नंबर बदलतो. जुन्या डीएनसी प्रोग्रॅमला (पीसीवरून मशीनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कॉम १ ते ४ च्या पुढचे दिसतच नाही. यावर चांगला उपाय म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचे सिरियल कार्ड, आणि मशीन व पीसी यांच्यामध्ये ऑप्टो-आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा घटक). आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात, पाणी घालायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. मग दोन अर्थिंगमधल्या फरकाने पोर्ट जळते, कधी पीसीची, कधी कंट्रोलची. कंट्रोलच्या बोर्डचा खर्च लघुउद्योजकाला परवडणारा नसतो.

ज्या कंट्रोलला मेमरी कार्डाची खोबण आहे तिथे आम्ही आयओ चॅनेल ४ करून सीएफ कार्डावर काम नेतो आणि पीसी काढूनच टाकतो. जिथे खोबण नाही तिथे तो जुना, खऱ्या पोर्टचा, विंडोज एक्सपी किंवा सेव्हनचा पीसी राहणार. त्याला इंटरनेट नको, मेल नको. आणि तुमच्या एक्सेलमधला "होय" तर त्याहून नको.

तुमचेच दोन विभाग, दोन आदेश

तपासणीच्या खोलीत सीएमएम (नगाची मापे घेणारे यंत्र) असते किंवा प्रोफाइल प्रोजेक्टर. कित्येक सीएमएमचे कंट्रोलर कार्ड जुन्या पीसीआय खोबणीचे आहे आणि त्याचा ड्रायव्हर ३२-बिट. नव्या मदरबोर्डवर ती खोबण नसते आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. ६४-बिट विंडोजवर ३२-बिटचा साधा प्रोग्रॅम चालतो, ३२-बिटचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे विंडोज बदलायची तर कार्ड बदला, कार्ड बदलले की सॉफ्टवेअर बदला, सॉफ्टवेअर बदलले की मोजमापाचे जुने प्रोग्रॅम तपासा, आणि मग कॅलिब्रेशन पुन्हा.

इथे तुमचा गुणवत्ता विभाग येतो. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक) प्रमाणे उत्पादन व प्रक्रिया नियंत्रणासाठी वापरलेली सॉफ्टवेअर आवृत्ती ठरल्याप्रमाणेच आहे याची पडताळणी नोंदवावी लागते. तपासणीची पद्धत बदलली तर पीपीएपीच्या (ग्राहकाकडून नग मंजूर करून घेण्याच्या प्रक्रियेच्या) नियमाने ग्राहकाला, म्हणजे तुम्हालाच, आधी कळवायचे. मग मापन प्रणालीचा अभ्यास : १० नग, ३ तपासनीस, प्रत्येकी ३ वेळा, म्हणजे एका मापासाठी ९० मोजमापे. फरक १० टक्क्यांच्या आत आला तर ठीक, ३० च्या वर गेला तर नापास. तो अहवाल पाठवल्यावर तुमच्या गुणवत्ता विभागाची मंजुरी कधी येते, हे तुम्हीच सांगा.

आता पुरवठादाराने करायचे काय? आयटी विभाग म्हणतो ४५ दिवसांत बदला. गुणवत्ता विभाग म्हणतो मंजुरीशिवाय हात लावू नका. दोन्ही पत्रांवर लेटरहेड तुमचेच. लहान उद्योग ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला हळू का असतो याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. ज्या साखळीच्या तळाशी विंडोज आहे तिच्या वरच्या प्रत्येक कडीवर दुसऱ्या कोणाची तरी सही लागते, आणि पुष्कळदा ती सही तुमचीच असते.

औषध कंपन्यांनी हे मुद्दाम वाचावे. तुमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत एचपीएलसीच्या (औषधातले घटक तपासणाऱ्या यंत्राच्या) पीसीवरची विंडोज बदलायची तर चेंज कंट्रोल, इन्स्टॉलेशन आणि ऑपरेशनल क्वालिफिकेशन, सगळे पुन्हा केल्याशिवाय तुम्ही त्याला हात लावत नाही. बरोबरच करता.

हिशेब, चलन आणि मराठी

पगारपत्रक आणि चलनाचे प्रोग्रॅम अजून कुठे कुठे डॉसच्या फॉक्सप्रोमधले आहेत. ते १६-बिट. ३२-बिट विंडोज १० वर एक जास्तीचा घटक चालू करून ते चालतात. ६४-बिटवर मुळीच नाही. डॉसचे अनुकरण करणाऱ्या साधनात प्रोग्रॅम उघडतो, मात्र छपाईपाशी गाडी अडते. तीन प्रतींचे कार्बन चलन डॉट मॅट्रिक्सवर निघते, प्रोग्रॅमला एलपीटी १ (प्रिंटरची जुनी पोर्ट) हवे असते, आणि यूएसबीवरून जोडलेला प्रिंटर एलपीटी १ होत नाही. प्रिंटर शेअर करून नेट-यूजच्या आदेशाने एलपीटी १ त्याच्याकडे वळवावे लागते. तेही नेटवर्क उठायच्या आधी प्रोग्रॅम उघडला की तुटते. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला तो माणूस पुण्याला गेला, सोर्स कोड त्याच्याबरोबर गेला.

मराठीचे वेगळेच. कामगारांची नावे, हजेरी, ग्रामपंचायतीची पत्रे आयएसएमच्या किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे साठली आहेत. ती युनिकोड नाहीत. रूपांतर करणारी साधने नव्वद टक्के काम करून देतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांत रफार सरकतो, "दुसऱ्या"चा "दुसर्या" होतो. पीएफच्या यादीत कामगाराचे नाव आधारशी जुळले नाही तर दावा अडकतो, म्हणून हे काम एकेक नाव पाहून करावे लागते.

नेटवर्कचेही सांगून टाकतो, कारण नव्या विंडोजवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला फोन त्याचाच येतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती फाइल शेअरिंगसाठी डिजिटल सही मागते आणि प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून प्रवेश देत नाही. परिणाम असा की जुने झेरॉक्स मशीन स्कॅन केलेले फोल्डरमध्ये टाकू शकत नाही. शेअर केलेल्या प्रिंटरवर "११बी"ची एरर येते. तिचे मूळ २०२१ च्या छपाईसेवेतल्या त्रुटीनंतर आलेल्या सुरक्षा अपडेटमध्ये आहे. रजिस्ट्रीत एक नोंद टाकून ती घालवता येते, पण त्याने जी फट बुजवली होती ती पुन्हा उघडते. आणि नव्याने टाकलेली २४एच२ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. किल्ली ४८ अंकांची, आणि ती त्या खात्यात जाऊन बसते. खाते कोणाचे? बहुतेक वेळा पीसी लावून दिलेल्या दुकानातल्या पोराचे. बायोस अपडेट झाले की किल्ली मागितली जाते आणि पोराचा फोन लागत नाही.

आधी तुमचे पोर्टल

तुमच्यातल्या काहींची पुरवठादार पोर्टले आजही एजमधल्या इंटरनेट एक्सप्लोरर मोडशिवाय धड उघडत नाहीत. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. साध्या पीसीवर त्या मोडमध्ये टाकलेले पान ३० दिवसांनी यादीतून निघून जाते, पुन्हा टाकावे लागते. म्हणून महिन्यातून एकदा डिस्पॅचच्या ऐन वेळी "पोर्टल कोरे दिसतेय" असा फोन येतो. बारकोड लेबल छापायला तुम्ही दिलेला प्रोग्रॅम डॉटनेट ३.५ मागतो, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा लागतो, आणि त्याच्या सूचनापत्रात "अँटिव्हायरसमधून वगळा" असे लिहिलेले आहे. सुरक्षेचे परिपत्रक आणि हे सूचनापत्र एकाच कंपनीतून येते हे आम्हाला सांगावे लागते आहे, याचे वाईट वाटते.

एक्सेलचा रकाना तांत्रिकदृष्ट्याही चुकीचा आहे. काही मशीनसोबत विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती येते. तिचा आधार १३ जानेवारी २०३२ पर्यंत आहे. तुमच्या रकान्यात ती "नाही". उलट विंडोज ११ च्या २२एच२ होम आणि प्रोचा आधार ८ ऑक्टोबर २०२४ लाच संपला. ती तुमच्याकडे "होय". सहाव्या पिढीच्या पीसीवर युक्तीने टाकलेली विंडोज ११ सुद्धा "होय", मग तिला पुढची अपडेट मिळो न मिळो. असा रकाना आणि वर ब्लॉकची धमकी, म्हणजे लोक खोटे "होय" लिहिणार. हे तुम्हालाही माहीत असावे.

धोका कोणत्या वाटेने येतो तेही नीट पाहा. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसपासून वाचवणारा पॅच मार्चमध्येच निघाला होता, आणि लागण झालेल्यांत बहुसंख्य मशीन त्या वेळी आधार चालू असलेल्या विंडोज सेव्हनची होती. उणीव होती ती पॅच लावण्याची. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या व्हायरसने न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतले एक टर्मिनल ठप्प केले. तो पसरला युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून, आणि मग एकाच सपाट (न विभागलेल्या) नेटवर्कवरून मशीनमागून मशीन. विंडोज कोणती, याच्याइतकेच महत्त्व कोणते मशीन कोणाशी बोलू शकते याला आहे. हा प्रश्न तुमच्या एक्सेलमध्ये कुठेच नाही.

लघुउद्योजक आळशी आहे, त्याला बदल नको असतो, हेही ऐकून झाले. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी कसा लागू झाला? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) आला, त्याच वर्षी १ ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस आले. जालन्यापासून उदगीरपर्यंत सगळ्यांनी केले. कारण तिथे सॉफ्टवेअरवाल्याने अपडेट दिले, डेटा आपोआप पुढे गेला, फोनवर विचारायला माणूस होता. सीएमएमच्या कार्डाला आणि फॉक्सप्रोच्या चलनाला यातले काहीच नाही.

"मग लिनक्स टाका" असा सल्ला तुमच्याकडच्या तरुण अभियंत्यांनी दिला आहे. जिथे जमते तिथे आम्ही टाकतोच : फाइल सर्व्हर, हजेरीचा पडदा, डीएनसीचा पीसीसुद्धा. केरळच्या शाळांनी हे मोठ्या प्रमाणावर केले, कारण शिकवायचे साहित्य आणि प्रशिक्षण त्यांच्या स्वतःच्या हातात होते. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये तो निर्णय घेतला, हजारो मशीन नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे फिरण्याचे ठरवले. वाळूजच्या शेडमध्ये टॅली, कॅम सॉफ्टवेअर (मशीनचे प्रोग्रॅम बनवणारे) आणि त्याचे डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) यांचा निर्णय शेडचा मालक करत नाही.

वेळ आणि पैसा यांबद्दल थोडक्यात. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी आणि २५ नंतर तुमचेच शेड्यूल पूर्ण करण्याची धावपळ. हात लावायला महिन्यातले जेमतेम चार दिवस मिळतात, आणि त्यातही लाइट गेली नाही तर. खरी मोकळीक दिवाळीच्या सुटीत. पैशाचे म्हणाल तर विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४ अशी आहे. उशिरा घेतली तरी मागच्या वर्षाचे भरावेच लागतात. ती व्हॉल्यूम लायसन्सिंगमधून मिळते. तीन पीसीच्या शेडला ती विकायला कोणी उत्सुक नसतो. तुम्ही मागितली तर दोन दिवसांत कोटेशन येईल.

आमच्या मागण्या

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : एक्सेलमध्ये मशीनचे तीन वर्ग करा. इंटरनेटला जोडलेली ऑफिसची मशीन, अलग ठेवलेली शेडमधली मशीन, आणि मोजमापाची मशीन. पहिल्या वर्गाला मुदत घाला, आम्ही पाळू. वाढीव अपडेट घेतलेले विंडोज १० आणि एलटीएससी यांना त्यात "होय" धरा.

दुसऱ्या वर्गाला विंडोजची आवृत्ती न विचारता अटी घाला आणि प्रत्यक्ष येऊन तपासा. आम्ही पाळू शकतो अशा अटी या : गेटवे आणि डीएनएस काढलेले (बाहेरच्या नेटवर्कची वाट बंद), इंटरनेटच्या राउटरला न जोडलेला वेगळा स्विच, वायफाय कार्ड काढलेले, यूएसबी स्टोरेज रजिस्ट्रीतून बंद, प्रोग्रॅम आणण्यासाठी एकच ठरलेला मार्ग आणि त्या मार्गावर अद्ययावत पीसीवर स्कॅन, संपूर्ण डिस्कची इमेज दोन ठिकाणी, आणि त्या इमेजवरून दुसरी डिस्क बनवून ती खरोखर सुरू होते हे वर्षातून एकदा करून दाखवणे. शेवटची अट बहुतेक ठिकाणी राहून जाते. इमेज असते, पण ती कोणी कधी परत टाकून पाहिलेली नसते.

तिसऱ्या वर्गासाठी आयटी आणि गुणवत्ता विभागाने एकच संयुक्त पत्र द्यावे. पीपीएपीची मंजुरी हातात आल्यापासून मुदत मोजावी.

तुमची पोर्टले आणि लेबलचे प्रोग्रॅम इंटरनेट एक्सप्लोरर मोडशिवाय, साध्या युजरच्या अधिकारात, अँटिव्हायरस चालू ठेवून कधीपासून चालतील ती तारीख जाहीर करा. तोवर ती वापरणाऱ्या पीसीसाठी पुरवठादाराला जबाबदार धरू नका.

यापुढे अमुक कंपनीचेच तपासणी यंत्र घ्या असे तुम्ही पुरवठादाराला सांगाल, तेव्हा त्या यंत्राच्या सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हरला दहा वर्षे नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधार देण्याचे कलम खरेदी करारात घालून घ्या. लघुउद्योजक एक मशीन घेतो, त्याच्या शब्दाला यंत्र बनवणाऱ्याकडे वजन नाही. तुमच्या शब्दाला आहे. वाढीव अपडेटची खरेदीही तुमच्या दराने, एकत्र, पुरवठादारांसाठी करून द्या. पैसे त्यांच्या बिलातून वळते करा.

आणि हे ठरेपर्यंत कोणाचाही वेंडर कोड ब्लॉक करू नका, पाठवलेल्या मालाचे पेमेंट या कारणासाठी अडवू नका. ४५ दिवसांची मुदत स्थगित केली आहे, एवढी एक ओळ ज्या मेलवरून परिपत्रक आले त्याच मेलवरून सर्व पुरवठादारांना पाठवा. बाकीच्या मुद्द्यांवर बसून बोलायला आम्ही कोणत्याही महिन्याच्या २१ ते २४ तारखेला मोकळे असतो.

आपले,
मराठवाड्यातल्या लघुउद्योगांचे संगणक सांभाळणारे काही तंत्रज्ञ